उन्हात न वाळलेल्या कुरडया

आमच्या अकोल्यात मे महिन्यात ओला रुमाल दांडीवर टाकला, तर पाठ फिरवेपर्यंत वाळतो. अशा गावात लख्ख उन्हात पसरलेल्या कुरडया चौथ्या दिवशीही ओल्याच होत्या. बोट लावलं की चिकटायचं. हे कोडं सोडवताना मी आणि माझे आबाजी, म्हणजे आईचे वडील, सपशेल हरलो होतो. माझं एक वेळ ठीक आहे, मी सातवीत आहे. आबाजी मात्र शास्त्रज्ञ आहेत, आणि तेही काचेचे.

आधी कुरडयांचं सांगते. माझी आई चंद्रावरच्या वसाहतीत पाणी शोधणाऱ्या तुकडीत आहे. तिला जाऊन आठ महिने झाले. तिथलं सगळं जेवण पाकिटातलं असतं आणि भाजी कुठली, खीर कुठली हे पाकिटावर वाचून ठरवावं लागतं, असं ती म्हणते. काय पाठवू, असं मी विचारलं तेव्हा तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "कुरडई." चंद्रावरचं पार्सल सहा महिन्यांतून एकदाच जातं. या खेपेचं शुक्रवारी दुपारी बारापर्यंत द्यायचं होतं. अट एकच, की पदार्थ कडकडीत वाळलेला हवा. तिथल्या बंद हवेत बुरशी वाढली तर सगळ्या वसाहतीला त्रास, म्हणून ओलसर वस्तू ते घेतच नाहीत.

आबाजींनी कंबर कसली. गहू तीन दिवस भिजवले, वाटले, चीक काढून शिजवला आणि सोऱ्यातून कुरडया पाडल्या. पहिल्या पाच-सहा म्हणजे नुसता गुंता होता, पुढच्या बऱ्या जमल्या. आमच्या गच्चीवर सौरपट्ट्या (उन्हापासून वीज तयार करणारे फलक) आहेत, त्यामुळे इमारतीत सगळे वाळवण घालतात ते पश्चिमेच्या बंद खिडकीशी, आतल्या बाजूला. तिथे धूळ कमी, कावळे नाहीत. दरवर्षी दोन दिवसांत कुरडया खडखडीत होतात. आबाजींनीही तिथेच चादर अंथरली.

यंदा एक गोष्ट वेगळी होती. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही घरातल्या सगळ्या खिडक्या बदलल्या होत्या. जुन्या खिडक्यांना लोखंडी चौकट, एकच काच आणि बोटभर फटी होत्या. दुपारी पश्चिमेची खोली भट्टी व्हायची आणि एसी दिवसभर धापा टाकायचा. नव्या खिडक्या बसल्या आणि आबाजी भर दुपारी त्याच खोलीत घोरायला लागले. पण या गोष्टीचा कुरडयांशी काही संबंध असेल, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आबाजींनी आधी गव्हाला दोष दिला, मग सोऱ्याला. गुरुवारी दुपारी ते चादरीशी उकिडवे बसले होते.

"काहून वाळून नाही राहिल्या बाप्पा ह्या?"

"तुम्ही चीकच कच्चा ठेवला असेल," मी फणकाऱ्यानं म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला आणि मला लगेच वाईट वाटलं. पण उद्या बारा वाजता पार्सल बंद होणार होतं, आणि मला रडू येत होतं.

तेवढ्यात ठमाजी आला. खिडक्या बसवणारा यंत्रमानव तो. पंधरा दिवसांनी तपासणीला येईन असं सांगून गेला होता. त्याला दोन साध्या डोळ्यांखेरीज एक जादा डोळा आहे आणि त्यानं त्याला उष्णता दिसते. त्यानं खिडकीची चौकट तपासली आणि खाली वाकून चादरीकडे पाहिलं.

"आजोबा, हे वाळवण सावलीत का घातलंय?"

"सावलीत?" मी म्हणाले. "इतकं ऊन पडलंय, दिसत नाही का तुला?"

"उजेड भरपूर आहे, ताई. ऊन फार थोडं आहे."

आबाजी ताडकन उठले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "तीस वर्षं मी हेच काम केलं अन् माह्याच घरात मले दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

ते गॅलरीतून जुन्या खिडकीची एक काच घेऊन आले. ठमाजीकडे नव्या काचेचा तुकडा नमुन्याला होताच. आबाजींनी मला गॅलरीतल्या उन्हात उभं केलं. एका तळहातावर जुन्या काचेतून ऊन पडू दिलं, दुसऱ्यावर नव्या काचेतून. दोन्ही हात सारखेच उजळले. पण थोड्या वेळानं पहिला हात चटचट भाजायला लागला आणि दुसरा जेमतेम कोमट झाला.

"असं का?" मी विचारलं.

"उन्हात दोन परकारचे किरण धर. एक दिसणारे, म्हणजे उजेड. दुसरे अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे, पण अंगाला गरम लागणारे). उन्हाची जवळजवळ अर्धी उष्णता या न दिसणाऱ्यांतून येते. नव्या काचेवर चांदीचा थर आहे. एका केसाच्या जाडीचे हजारो भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा. तो उजेडाला आत सोडते अन् अवरक्त किरणांना दारातूनच परत पाठवते."

"मग हात कोमट तरी का झाला?"

"कारण उजेडही हातावर पडून थोडा तापवतेच. पण कुरडईले तेवढं पुरत नाही."

"शिवाय खिडकीला काचा दोन आहेत," ठमाजी म्हणाला. "मध्ये आर्गॉन (हवेतच थोडासा असणारा, रंग-वास नसलेला वायू) भरलाय. त्यातून उष्णता फार हळू सरकते."

"गोधडीत हवा अडकते म्हणून ऊब टिकते, तसं," आबाजी म्हणाले. "थंडीत हीच खिडकी घरातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. अन् आता फटीही नाहीत. म्हणजे वारा नाही, कुरडईतून निघालेली वाफ खोलीतच राह्यते. खिडकी तिचं काम चोख करून राहिली, आपणच तिले उलटं काम सांगितलं."

मी दोन्ही काचांकडे पाहिलं. "आबाजी, परत पाठवलेली उष्णता जाते कुठे?"

"बाहेर, आणखी कुठे?"

"मग कुरडया बाहेर ठेवल्या तर?"

आबाजी ताटं आणायला स्वयंपाकघरात धावले. आमच्या खिडकीला बाहेर पिंजऱ्यासारखी जाळी आहे. तिथे आम्ही कुरडयांची ताटं मांडली आणि धूळ व कावळ्यांसाठी वरून आईची पातळ ओढणी चिमट्यांनी ताणून बसवली. वरून थेट ऊन, मागून काचेनं परतवलेली उष्णता आणि बाहेर अकोल्याची सणसणीत लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा.

ठमाजीनं जादा डोळा लावून पाहिलं. "आता ऊन आहे. दोन्ही बाजूंनी."

सूर्य मावळेपर्यंत बऱ्याच कुरडया ताटात खडखडत होत्या. उरलेल्या शुक्रवारी सकाळच्या कोरड्या वाऱ्यानं वाळल्या. फार आंबलेल्या डझनभर टाकून दिल्या, बाकीच्या डब्यात भरल्या आणि आम्ही स्कूटरवरून पार्सल कचेरी गाठली. तिथल्या बाईंनी ओलावा मोजला, मान डोलावली आणि डबा ठेवून घेतला. घड्याळात बाराला दहा कमी होते.

परत येताना मी विचारलं, "हवं तेव्हा उष्णता आत घेणारी आणि नको तेव्हा अडवणारी खिडकी नाही का करता येणार?"

"लोक लागले आहेत त्याच्यामागं. घरोघरी परवडंल अशी मले काही जमली नाही," आबाजी म्हणाले. "तू पाहा करून. फक्त वाळवण घालायच्या आधी मले सांग."

दहा दिवसांनी आई पडद्यावर दिसली. तिनं गरम हवेच्या भट्टीत कुरडई फुलवली आणि एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"बाबा, मीठ विसरलात," ती म्हणाली. आबाजी ओशाळले. पण तोवर तिनं दुसरी कुरडई उचलली होती.

मी तिला खिडकीची सगळी हकिकत सांगितली. ती खूप हसली आणि तिनं कॅमेरा बाजूला वळवला. तिच्या शेजारी एक गोल खिडकी होती आणि खिडकीबाहेर चंद्राची डोळे दिपवणारी पांढरी जमीन.

"बाहेर एकशे वीस अंश तापलंय," आई म्हणाली. "आणि या काचेवरही असाच थर आहे. म्हणून तर इथे टेकून खातेय."

खिडकीतला उजेड तिच्या गालावर पडला होता. ती घामेजलेली नव्हती, दमलेली नव्हती, नुसती मजेत कुरडई चावत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं, आई तिथे नीट आहे.