काचेतली दुसरी पाल

"संचिता, येतंस मां गो? सुकती लागली! आता नाय गेलो तर कालवां परत पाण्याखाली जातली!"

खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभी राहून किशोरीने पुन्हा हाक मारली. कमरेवर पाटी, पायात चिखलाच्या चपला, नजर खाडीकडे. ओहोटीचं पाणी कुणाची वाट बघत नाही.

पडवीतून उत्तर आलं, "थांब गो जरा! मखमल डोळे मिटता हा!"

डोळे मिटता हा! किशोरीने पाटी दाणकन खाली आदळली. खाडी ओसरून खडक उघडे पडले, आणि हिला एका पालीच्या डोळ्यांचं पडलंय!

पण पाल म्हणजे साधीसुधी नव्हती. ठाण्याहून आतेभाऊ कौस्तुभ मे महिन्याच्या सुट्टीत देवबागला आला, तो मांडीवर काचेची पेटी घेऊनच. पेटीत आफ्रिकेतल्या जातीची जाड शेपटीची पाल. तपकिरी अंग, त्यावर दुधाच्या सायीसारखे पट्टे, आणि नाव काय, तर मखमल!

पहिल्या दिवशी दत्ताकाका पोट धरधरून हसले होते. "अरे झिला, पाली कोण पाळता? आमच्या भिंतीर भरपूर आसत. व्हयी तेवढी घेवन जा!"

दत्ताकाका किशोरीचे काका, म्हणजे कौस्तुभचे मामा. घराच्या मागच्या खोल्या ते पर्यटकांना राहायला देत. आठवडाभरात त्यांचं हसू थांबलं. पाहुणे समुद्र सोडून पडवीत डोकावू लागले आणि काका मिशीला पीळ देत सांगू लागले, "आफ्रिकेची आसा, आफ्रिकेची!"

आणि वाडीतली मुलं? ती तर पडवीतून हलेनात.

किशोरी पडवीच्या पायरीवर टेकली. ऐकत नसल्यासारखं करत सगळं ऐकू लागली.

"भिंतीवरच्या पालींना पापण्या नसतात," कौस्तुभ सांगत होता. "त्या जिभेने डोळे पुसतात. हिला बघ, पापण्या आहेत. आणि ही काचेवर चढूच शकत नाही. पायाला तसल्या गाद्याच नाहीत."

"शेपटी इतकी फुगलेली कित्याक?" शेजारच्या सिद्धेशने विचारलं.

"तो तिचा डबा. खाणं मिळालं नाही तर शेपटीतलं पुरवते. आज फिकी दिसतेय ना? कात टाकणार आहे. आता तिला अंधार हवा, ऊब हवी, ओल हवी. म्हणून दुपारी कुणीही कापड उचलायचं नाही!"

संचिता पेटीला नाक लावून बसली होती. एकदम तिने सूर धरला,

"मखमलबाई, मखमलबाई, मान जरा वळव..."

किशोरी ताठ झाली. हा त्यांच्या दोघींचा खेळ होता. बालवाडीपासूनचा. पहिली ओळ संचिताची, दुसरी किशोरीची. ओळ ओठांवर आलीसुद्धा, पण तेवढ्यात कौस्तुभ म्हणाला,

"शेपटी तुझी फुगली कशाने, आम्हाला तरी कळव!"

संचिता टाळ्या पिटत हसली. गेल्या सुट्टीपर्यंत कुर्ली कुठल्या बिळात, शिंपले कुठल्या वाळूत, हे विचारायला सगळी तिच्याकडे यायची. आणि आता त्यांची ओळसुद्धा या ठाणेकराने पळवली!

"काय ता पालीचा कवतिक!" ती ओरडली. "एक दिवस पळान जातली, मगे कळतला तुमका!"

किशोरी पाटी उचलून एकटीच खाडीकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सगळी पोहायला गेली. "डोका दुखता," म्हणून किशोरी घरीच, आतल्या खोलीत डोक्यावर चादर ओढून पडून राहिली. डोकं काही दुखत नव्हतं. दुखत होतं ते दुसरंच, आणि ते आईला सांगण्यासारखं नव्हतं.

घरामागे पाहुण्यांच्या गाडीची दारं आपटली, गाडी गेली, घर सुनं झालं. किशोरी पडवीत आली. पेटीवर निळं कापड होतं.

एवढं काय आहे हिच्यात?

तिने कापडाचं टोक उचललं. आणि श्वास रोखला.

पाल होती. पण काचेवर चढून बसलेली! बारीक शेपटी, राखाडी अंग. टक्क उघड्या डोळ्यांनी ती किशोरीकडे बघत होती, आणि बघता बघता तिने जीभ काढून डोळा पुसला.

ही मखमल नव्हती!

पहिली गोष्ट सांगायची तर किशोरीला बरं वाटलं. अगदी मनापासून. गेली एकदाची! आता सगळी पुन्हा खाडीवर येतील. मग तिच्या अंगावर काटा आला. कालचं तिचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं. मुलांपैकी आज घरात एकटी तीच होती. आणि कापडही तिनेच उचललं होतं.

गप्प बसलं तर? संध्याकाळी कौस्तुभ स्वतःच बघेल. तोपर्यंत आपण खाडीवर. काही माहीतच नाही!

पण तोपर्यंत ती कुठे असेल? फिकी पडलेली, नव्या घरात हरवलेली, भिंतीवर चढता न येणारी. बाहेर मांजरं होती, कावळे होते. किशोरीने कापड खाली टाकलं आणि समुद्राच्या दिशेने धूम ठोकली.

"मखमल नाय पेटीत! कोणीतरी बदलल्यान ती!"

ओल्या अंगाने सगळी धावत आली. कौस्तुभ पेटीसमोर गुडघ्यावर बसला.

"तुका कसा कळला?" सिद्धेशने विचारलं.

"मी... कापड उचललंय."

"बघलात? काल म्हणालीच होती, पळान जातली म्हणान!"

"मी काय करूक नाय! आईशप्पत!"

किशोरीने संचिताकडे पाहिलं. संचिताने नजर पायाकडे वळवली. सिद्धेशच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं. डोळ्यांत पाणी आलं, पण ती तिथून हलली नाही.

"रडाक मागसून वेळ आसा," ती स्वतःलाच म्हणाली, मग सगळ्यांकडे वळली. "मी केलंय असता तर तुमका बोलवक धावत कित्याक इलंय असतंय? आधी तिका शोधूया. मगे माका काय व्हया ता बोला!"

कौस्तुभने मान वर केली. "ती बरोबर बोलतेय. झाकणाची कडी बघा. मी उजवीकडे लावतो. ही डावीकडे आहे."

"म्हणजे मोठ्या माणसाचा काम," संचिता हळूच म्हणाली. "ही कडी खूप घट्ट. किशोरीक निघाची नाय."

तेवढ्यात विहिरीकडून दत्ताकाका आले. खांद्यावर पंचा, केसांतून पाणी ठिबकतंय, ओठांवर कसलंसं स्तोत्र. पोरांना पेटीभोवती बघताच स्तोत्र थांबलं.

किशोरी बघतच राहिली. काकांनी सकाळीच आंघोळ केली होती. तिनेच त्यांना पाणी काढून दिलं होतं. आणि आता परत? तीही डोक्यावरून? दांडीवर त्यांचा सकाळचा शर्टही धुऊन वाळत होता!

काका भर दुपारी डोक्यावरून आंघोळ कधी करतात, हे अख्ख्या घराला माहीत होतं. पाल अंगाला लागली की!

तिने सिद्धेशच्या कानात काहीतरी सांगितलं. सिद्धेशने चेहरा भोळा केला.

"काका, पाल डोक्यार पडली काय हो? डोक्यार पडली तर म्हणे लय वायट!"

"डोक्यार खंय रे मेल्या! हातार नुसती..." काका बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"दत्तामामा!" कौस्तुभ ओरडला.

काका ओट्यावर मटकन बसले. "अरे, पुण्याचे पावणे निघत होते. म्हणाले, जरा बाहेर काढून दाखवा. मी झाकण उघडलंय. तेंचो पोरगो किंचाळलो, मी दचाकलंय, आणि ती माझ्या हातावरसून सटाकली! सगळ्या बागेत शोधलंय रे. मगे म्हटलां, पाल ती पाल! झाडूने भिंतीवरची एक डब्यात धरलंय आणि..."

"पाल ती पाल?" कौस्तुभचा आवाज चिरकला. "तिला पापण्या आहेत, मामा!"

"आता माका काय म्हायत? मी कधी पालीच्या डोळ्यात डोळे घालूक नाय!"

सिद्धेशला हसू फुटलं, पण कौस्तुभचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. तो रडकुंडीला आला होता. हुशार ठाणेकर नव्हे, नुसता एक घाबरलेला मुलगा. किशोरीचा राग एकाएकी निवायला लागला.

"कौस्तुभ, तू काल काय म्हणालंस? तिका काय काय व्हया?"

"अंधार. ऊब. ओल."

अंधार, ऊब, ओल. किशोरीने डोळे मिटले. काल संध्याकाळीच आईबरोबर तिने कोठीच्या खोलीत हात घातला होता, पेंढ्यात रचलेल्या आंब्यांच्या आढीत. बाहेरून थंड, आत गेलं की कुणीतरी श्वास सोडल्यासारखा ऊबदार, दमट वास. आणि कोठीचं दार पडवीतच उघडतं!

"आढीत!" ती ओरडली.

सगळी कोठीत घुसली. आंबे बाजूला ठेवून हलक्या हातांनी पेंढा उचलू लागली. अचानक कौस्तुभ म्हणाला, "हे बघा!" पेंढ्याच्या काडीला कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी पांढरं चिकटलं होतं.

"कात! ती इथेच होती!"

"पण अर्धी आढी खंय गेली?" संचिताने विचारलं.

दारात किशोरीची आई आनंदी उभी होती. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "पावण्यांच्या पेट्या भरलंय मी! पेंढ्यासकट! आताच गेले ते!"

"गाडी कुठली?" कौस्तुभने विचारलं.

"पांढरी, टपार सायकल बांधलेली!"

"चला!" किशोरीने सायकल काढली. "देवबागचो रस्तो एकच. ह्या दिवसात तारकर्लीपर्यंत गाड्यांची रांग. जातले खंय?"

एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र, मधून तो चिंचोळा रस्ता. वळणावर बर्फाचा ट्रक आणि एसटी समोरासमोर येऊन अडली होती. मागे गाड्यांचं शेपूट! माडांच्या कडेने, कुंपणांना घासत चारही सायकली सुसाट सुटल्या.

"ती बघ! टपावर सायकल!"

पुण्याच्या काकूंनी काच खाली केली आणि घामाघूम पोरं बघून दचकल्या.

"तुमच्या आंब्यात आमची पाल आसा!" सिद्धेश धापा टाकत म्हणाला.

काकू गाडीतून इतक्या चपळाईने उतरल्या की मागच्या गाडीवाल्याने टाळी वाजवली. पेट्या माडाखाली उतरवल्या. पहिली, काही नाही. दुसरी, काही नाही. शेवटची पेटी कौस्तुभने न उघडताच पुढे सरकवली.

"तूच बघ," तो किशोरीला म्हणाला. "मला बघवत नाही."

किशोरीने पेंढा बाजूला केला. एका पिवळ्याधमक हापूसला गाल टेकून मखमल बसली होती. नवी कात, नवे पट्टे, जसं काही आताच रंगवून ठेवलंय. किशोरीने तळहात पुढे केला. मखमल थांबली, विचार केला आणि सावकाश हातावर चढली. थंडगार, मऊ. मग तिने पापण्या मिटल्या.

"अगो बाय," किशोरी पुटपुटली, "खरांच मिटता गो!"

संध्याकाळी पडवीत सगळी वाडी जमली. पुण्याच्या काकूंचा फोन आला होता. आंबे छान आहेत, आणि मुलं त्याहून छान, असं त्या म्हणाल्या. दत्ताकाकांनी सगळ्यांसमोर कान धरले. "पुढच्या वेळी पेटीक हात लावलंय तर माका खाडीत टाका!"

आनंदीने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "आपल्यावर बालंट येतला ह्या म्हायत असान तोंड उघडल्यान माझ्या चेडवान. हयल्या मोठ्यांका ता जमाक नाय!"

काकांनी पंचा तोंडावर ओढला.

गर्दी पांगली. संचिता खळ्यात किशोरीजवळ येऊन बसली. पायाने माती उकरू लागली.

"कापड उचललंस, तेव्हा काय वाटला गो?"

"बरां वाटला," किशोरी म्हणाली. "पयला बरां वाटला. मगे बरां वाटला म्हणान वायट वाटला."

"माका वाटला, तुकाच आमचो कंटाळो इलो. माका सांगूचा होता मां!"

"काय सांगू? पालीर जळतंय म्हणान?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पालीवर जळणारी मुलगी! आधी संचिता फिस्सकन हसली, मग किशोरी, आणि मग दोघी पोट धरून गडबडा लोळू लागल्या.

"हळू, हळू!" पडवीतून कौस्तुभ ओरडला. "ती झोपलीय!"

आणि आतल्या खोलीतून दत्ताकाकांचा घाईघाईचा आवाज आला, "मी कापड उचलूक नाय हां!"