दुधाच्या कॅनमधला समुद्र

"ह्ये कॅन कुणाचे? दूध हाय का?"

बीडहून वडवणीला निघालेल्या एसटीत कंडक्टर विचारत होता. मधल्या वाटेत दोन भलेमोठे कॅन उभे, माणसानं पाय कुठं ठेवायचा!

"दूध न्हाई, पाणी हाय," मागच्या सीटवरचा तरुण म्हणाला.

"कुठलं पाणी?"

"समुद्राचं."

झालं! अख्खी गाडी खो खो हसायला लागली. टँकर आला की घागरी घेऊन पळणारा आमचा तालुका, आणि हा बहाद्दर पाणी घेऊन आला तेही खारं! एक म्हातारबा तर तांब्या पुढं करून म्हणाले, "घोटभर द्या की, आमालाबी कळू दे."

खिडकीजवळ बसलेली गंगासागर मात्र हसली नाही. कारण त्यातला एक कॅन गळत होता आणि तिची नवी चप्पल भिजत होती. वडवणीच्या स्टँडसमोर तिचा एसटीडी बूथ होता. त्याचं बिल भरायला ती बीडला गेलती, आणि येताना हौसेनं चप्पल घेतलेली.

"आवो, बघा की जरा! चप्पल गेली माझी."

"माफ करा... घरी गेल्यावर साध्या पाण्यानं धुवा. न्हाई तर पांढरे डाग पडतील."

"लई शिकवू नका," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

पण मन कुठलं ऐकतंय! तो बाहेर बघतोय असं पाहून तिनं हळूच एक थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. शी! खारट... आणि मागनं कडू.

"कसा लागला?"

"काय?"

"समुद्र."

गंगासागरचे कान तापले. मेल्यानं बघितलं वाटतं! "मला काय म्हाईत," ती पुटपुटली, "मी कधी समुद्र बघितला न्हाई."

"मग या की बघायला. वैजिनाथअप्पाच्या किराणा दुकानात ठिवणार हाय."

"अप्पाचे तुमी कोण?"

"धाकटा ल्योक. केदारनाथ. मुंबईला रंगीत माशांच्या दुकानात होतो, आता गावाकडंच काहीतरी करावं म्हणतोय." त्यानं गळता कॅन जवळ ओढला. "तुमचं नाव?"

तिनं नाव सांगितलं. तो हसला नाही. नुसता बघत राहिला, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

*

चौथ्या दिवशी गंगासागरच्या घरातला साबण संपला. म्हणजे संपला नव्हता, पण तिनं ठरवलं की संपला.

अप्पांच्या दुकानात, गुळाच्या ढेपांच्या पलीकडं, भिंतीला लागून तीन फुटी काचेची टाकी होती. वर ट्यूबलाइट, आत बुडबुडे, आणि मधोमध एक काळा खडबडीत दगड.

"ह्यो तर नुसता दगड हाय," ती म्हणाली.

"श्श... हलू नका. आपण हललो की लपतंय."

ती उभी राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. गिऱ्हाईक आलं, गेलं. आणि मग त्या दगडावर एक हिरवं बटण उघडलं. मग दुसरं. मग दहा, वीस, प्रत्येकाच्या कडेला बारीक झालर. एका भोकातून मोराच्या तुऱ्यासारखं काहीतरी बाहेर आलं आणि पाणी चाळायला लागलं. करंगळीच्या नखाएवढा खेकडा त्याच्या अंगणातनं चालत गेला. गंगासागरच्या हातातला साबण खाली पडला, तरी तिला कळलं नाही.

"हे समदं... ह्या दगडात होतं?"

"भरती ओसरल्यावर खडकांत डबकी राहत्यात ना, तिथला हाय. दगड म्हणून आणला, आन् रोज नवीन कोणीतरी घरातनं बाहेर येतंय."

कोपऱ्यात एक जाडजूड फूल होतं. फूल नव्हे, तो प्राणीच. त्याचे हातासारखे दोरे पाण्यावर डुलत होते आणि त्या दोऱ्यांत एक नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा अंग टाकून निवांत पडला होता.

"ह्याचे हात दुसऱ्या माशाला लागले तर डसतात," केदार म्हणाला.

"मग ह्याला कावून डसत न्हाईत?"

"ओळख झाली ना. आधी मासा लांबनंच घुटमळतो. थोडं अंग लावतो, मागं जातो... परत येतो, आणखी थोडं जवळ. घाई केली की डसलंच."

"आन् मग?"

"मग घर होतंय."

तो हे टाकीकडं बघून बोलला खरं. पण त्याचा कान लाल झाला होता, आणि गंगासागरनं तो नेमका पाहिला.

त्या महिन्यात गंगासागरनं इतका साबण नेला की तिच्या आईला पोरगी धोब्याचं दुकान टाकते की काय अशी शंका आली. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते त्या दोघांनाही सांगता आलं नसतं. म्हणजे त्याच्याकडून. ती अजून 'आवो'च म्हणायची, आणि ते त्याला 'तू'पेक्षा गोड लागायचं.

सगळं छान चाललं होतं, पण अप्पा होते ना! माणूस गळ्यात लिंग बांधणारा, अंड्याचा वासही खपवून न घेणारा. दुकानात मासा आला हेच त्यांच्या घशाखाली उतरेना. पहिल्याच दिवशी त्यांनी लेकाला बजावलं होतं, "बघायला ठिवतो म्हणतोस, ठिव. पण माझ्या दुकानात जीव तडफडून मेला तर मला चालायचं न्हाई. उन्हाळाभर समदे जगले तर शेजारचा गाळा तुझा, खुशाल धंदा कर. एक जरी मेला, तर टाकी उचलायची आन् मुंबईची नोकरी धरायची." अप्पा शब्दाचे पक्के, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

आणि आमचा उन्हाळा! वैशाखात पत्र्याला हात लावून बघावा. केदारनं टाकीभोवती ओलं पोतं गुंडाळलं, पाण्यावर टेबलफॅन सोडला. वाऱ्यानं पाणी उडायचं आणि माठासारखं गार राहायचं. पण मग ते रोज चार बोटं खाली जायचं.

वैशाखातच त्याला ताजं समुद्राचं पाणी आणायला अलिबागकडं जावं लागलं. जुनं पाणी थोडं थोडं बदलत राहावं लागतं. "सहा दिवसांत येतो," तो म्हणाला. "खाणं चिमूटभरच. आन् पाणी उडालं की खुणेपर्यंत भरत जा. करशील?"

"त्यात काय एवढं!"

केवढ्या तोऱ्यात म्हणाली होती!

*

तिनं सगळं जिवापाड केलं. पाणी कमी झालं की त्यानं ठेवलेल्या कॅनमधलं समुद्राचं पाणी मोजून भरायची, एक थेंब सांडू द्यायची नाही. साधं पाणी घातलं तर समुद्र अळणी होईल ना! केदार रोज अकराला बूथवर फोन करायचा आणि ती सांगायची, "मजेत हाय तुमचा समुद्र."

चौथ्या दिवशी हिरवी बटणं उघडलीच नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी ते डुलणारं फूल आक्रसून सुपारीएवढं झालं होतं, आणि नारिंगी मासा कोपऱ्यात तोंड लावून धापा टाकत होता.

"मेलं का गं ते?" अप्पांनी गादीवरून विचारलं.

"न्हाई अप्पा... झोपलंय," ती म्हणाली. आणि तिचं तिलाच कसंतरी झालं.

बूथवर येते न येते तोच फोन वाजला. बाकावर बायडाबाई बसली होती. मेंढरं राखणारी म्हातारी, पुण्याला गेलेल्या तिच्या लेकाच्या, लखनच्या फोनची वाट बघत.

"कसा हाय समुद्र?" केदारनं विचारलं.

"बरा..." आणि तिला हुंदकाच फुटला. "माझ्या हातनं मेलं वो समदं! फूल मिटलं, मासा धापा टाकतोय. मी रोज पाणी भरलं, खरंच भरलं."

"कुठलं पाणी भरलंस?"

"कॅनमधलं. समुद्राचंच."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "अगं, मीठ उडत न्हाई. नुसतं पाणी उडतंय. मीठ टाकीतच राहतं, आन् वरनं तू रोज आणखी घातलंस. मी पहाटं गाडीच्या बॅटरीत घालत्यात ते शुद्ध, बिनमिठाचं पाणी घालायचो. तुला सांगायचंच राहिलं. चूक माझी हाय, तुझी न्हाई. रडू नको, ऐक. डेअरीतनं दूध तपासायची काचेची नळी आण. कॅनच्या तळाला थोडं पाणी असंल, त्यात सोड, जिथवर बुडंल तिथं नळीवर खूण कर. मग टाकीत सोड. खूण पाण्याच्या वर राहील. टाकीतलं लोटाभर काढायचं, लोटाभर बॅटरीचं घालायचं, खूण पाण्याला टेकंपर्यंत. पण हळू. दिवसभरात दहा लोटे, जास्त न्हाई."

"आन् तरीबी मेलं तर?"

"तर काय... अप्पाचा शब्द. मुंबई."

गंगासागरनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "मेलं तरी तुमी जायचं न्हाई! अप्पाला मी सांगते, माझ्या हातनं मेलं म्हणून. मला शिव्या देऊ द्या. पण तुमी जाऊ नका... मला तुमच्याबिगर करमायचं न्हाई. माझं लई मन बसलंय तुमच्यावर."

फोनमध्ये नुसती खरखर. बाकावरची बायडाबाई पान चघळायची थांबली होती.

"आवो... ऐकताय का?"

"ऐकतोय."

"मग बोला की कायतरी!"

"निघालो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

गंगासागर मागं वळली. बायडाबाई काठी टेकत उठली आणि थेट तिच्या खुर्चीत जाऊन बसली. "बघती काय बाई? जा की डेअरीत! फोन मी उचलते."

नळी घेऊन गंगासागर दुकानात आली ती गादीसमोरच उभी राहिली. "अप्पा, मी खोटं बोलले. झोपलं न्हाई ते. मीच जास्तीचं मीठ घातलं."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं, टाकीकडं बघितलं. मग टोपी चढवली. "जीव हाय त्यो. आधी वाचव, भांडण मागनं करू," असं म्हणून ते स्वतः बॅटरीवाल्याकडं गेले आणि दोन्ही काखोट्यांत बाटल्या मारून परत आले.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी केदार उतरला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अप्पा स्टूल घेऊन टाकीला नाक लावून बसले होते. मागं गंगासागर, हातात लोटा, मनगटापर्यंत मिठाचे पांढरे ओघळ, डोळे सुजलेले.

"खूण अर्धं बोट राहिलीय," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली.

त्यानं कॅन खाली ठेवले आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "फोनवर लई खरखर होती," तो कुजबुजला. "शेवटचं नीट ऐकू आलं न्हाई."

"बायडाबाईला इचारा. तिनं ऐकलंय."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"आधी लोटा धरा!"

"गप बसा रे," अप्पा म्हणाले. "बघा."

सुपारीएवढं मिटलेलं ते फूल थरथरलं. एक दोरा बाहेर आला, पाणी चाचपलं, आत गेला. पुन्हा आला. मग दुसरा, तिसरा, आणि बघता बघता ते इतकं फुललं की दगडाची कड झाकून गेली. दगडावर एक हिरवं बटण उघडलं. नारिंगी मासा कोपऱ्यातनं निघाला, घुटमळला, जरासं अंग लावलं, मागं सरला... आणि मग सरळ आत शिरून पडून राहिला.

साध्या काचेच्या पेटीत, वडवणीच्या बाजारात, हे आपल्या डोळ्यांदेखत घडावं! गंगासागरच्या अंगावर काटा आला. तिच्या बोटांत कधी केदारची बोटं आली ते तिला कळलं, पण तिनं हात तसाच राहू दिला.

"माझी पाठ हाय तुमच्याकडं," अप्पा न वळता म्हणाले, "पण काचेत सगळं दिसतंय बरं का."

गंगासागरनं दचकून हात ओढला. केदारनं तो सोडला नाही.

"आसू दे, आसू दे," अप्पा म्हणाले. "पोरी, खोटं पचलं न्हाई तुला, तिथंच मला कळलं. उद्या तुझे वडील घरी हायेत का? चहाला येतो म्हणावं."