भुजंग सरांनी वाचलेली श्रद्धांजली

भुजंग सर वारले. निदान 'दहावी ब, १९९८' या व्हॉट्सॲप ग्रुपवर तरी वारले. पण आपण असं समजू, की असं काही झालंच नाही, आणि तृप्तीच्या हातातल्या फोनकडं वळू.

फोन तिच्या पप्पांचा, सोमेश्वररावांचा. तेच ग्रुपचे ॲडमिन. दिवाळीच्या सुट्टीत, आज चार वाजता, घनसावंगीजवळच्या त्यांच्या जुन्या शाळेत सरांची शोकसभा होती. ग्रुपवरच्या आठवणी कागदावर उतरवायला तृप्ती, नाहिद आणि आदिनाथ यांना बसवलं होतं.

"सर गैरहजर पोराच्या रिकाम्या जागेला गृहपाठ द्यायचे!" नाहिदनं वाचलं.

"अन् जागेनं केला न्हाई तर?" आदिनाथ.

"जागेला छडी! पुढं ऐक. ऊसतोडीला गेलेल्या पोरांसाठी हिरव्या सायकलवर फडात जाऊन हजेरी घ्यायचे!"

"थांबा!" तृप्ती ओरडली. "पप्पांनी ग्रुपवर टाकलेली श्रद्धांजली कुणीकुणी वाचली ते बघा. भुजंग सर. आज, सकाळी सव्वासात!"

तिघं पप्पांकडं धावले.

"घरच्या कुणी वाचली असंल," पप्पा म्हणाले. "त्र्याण्णव लोकांनी श्रद्धांजली वाहिली, ते काय येडे हायेत? जा, खुर्च्या मांडा!"

तृप्तीनं सरांना फोन लावला. कुणी उचलेना. नाहिदचे महेबूबचाचा अंकुशनगरची जीप भरतच होते. सर अंकुशनगरलाच राहायचे. तिघं मागं घुसले.

सर घराच्या ओट्यावर बसले होते. इस्त्रीचा सदरा, हातात फोन.

"सर, तुम्ही... आहात?"

"मला बी तीच शंका यायली. मंठ्याचे दुसरे भुजंग गेले, अन् ग्रुपवाल्यांनी मला पाठवलं."

"मंग ग्रुपवर लिहायचं ना!"

"शोकात गोंधळ नको म्हणून ॲडमिननं ग्रुपवर बाकीच्यांचं लिहिणं बंद केलं. दोघांना फोन लावला. माझं नाव दिसलं की ठेवून द्यायले. मंग मी बी उचलणं सोडलं." सरांचा आवाज खाली गेला. "एक पोरगं गैरहजर असलं तरी मी सायकल मारत त्याच्या दारात जायचो. त्र्याण्णवातून एकालाबी यावं वाटलं न्हाई."

"आम्ही आलो की, सर," नाहिद हळूच म्हणाली.

"तुम्ही माझ्या वर्गातले न्हाई, बेटा. मी न्हाई येत. त्यांचं बराबर चाललंय माझ्याबिगर."

मग आदिनाथ उठला. "चला रे. मंग सरांची सायकल हिरवी होती, असंच वाचून दाखवू."

"हिरवी?" सर ताडकन उभे राहिले. "निळी होती! जीप कुठंय?"

सर पोचले तेव्हा दोन मिनिटांची शांतता चालू होती. सगळ्यांनी त्यांना पाहिलं. दीड मिनिट बाकी होतं, म्हणून कुणी ओरडलं नाही. सरही स्वतःसाठी मान खाली घालून उभे राहिले.

वेळ संपली तरी शांतता संपेना.

"सर, चुकलं," पप्पा पायांवर कोसळले. मुख्याध्यापिका उषाबाईंनी तिघांची पाठ थोपटली, "शाब्बास रे पोरांनो!" आणि खुर्च्या उचलायला सांगितलं.

सगळे जेवायला वळले. सरांनी तृप्तीकडून एक कोरा कागद मागून घेतला, त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं आणि उषाबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला:

"प्रति, मुख्याध्यापिका. विषय : एक तास परत मिळणेबाबत. महोदया, फेब्रुवारी १९९८ मध्ये दहावी ब चा शेवटचा तास घंटा लवकर झाल्याने अपुरा राहिला. तरी तो मला पूर्ण करू द्यावा. त्या वेळी सर्व मुलांची वये त्या दिवशी होती तेवढीच असावीत, ही नम्र विनंती."