उजवा गाल

शर्वरीने विद्युत चित्रपाटी मांडीवर घेतली, तेव्हा आई प्रयोगशाळेतल्या खुर्चीत बसून पदर बोटाला गुंडाळत होती. डोक्यावर मेंदूलहरी टिपणारी जाळीची टोपी. शर्वरी आपली कोण, हे ती केव्हाच विसरली होती. आता अण्णाही पुसट होऊ लागले होते. जाऊन तीन वर्षं झालेला नवरा तेवढा तरी तिच्यापाशी राहावा, म्हणून हा सगळा खटाटोप होता.

"सरळ फोटोच दाखवला तर?" शर्वरीने विचारलं.

"फोटो एकदम अंगावर येतो," डॉ. फडतरे म्हणाले. "आजारी मेंदू बिचकतो. चित्र कसं, हळूहळू उमटतं. आधी नुसती आकृती, मग रंग, मग चेहरा. उरलेलं मेंदू आपणहून भरायला जातो आणि त्या नादात आठवण जागी होते."

"आणि मग?"

"जागी झालेली आठवण अर्धाएक तास मऊ असते, मळलेल्या कणकेसारखी. पुन्हा घट्ट होताना समोर जे असेल, त्याच रूपात घट्ट होते. तुमचं-माझंही असंच होतं बरं का. आपण निदान डोकं चालवून ताळा तरी घेतो, आईंना ते जमायचं नाही. शिवाय त्यांच्या मेंदूला हे एकदाच झेपेल. तेव्हा चित्र झटपट हवं, आणि नेमकंही."

झटपट म्हटलं की शर्वरीचे हात शिवशिवायचे. संगणकीय खेळांसाठी ती पात्रं रंगवायची आणि तिचा वेग बघायला माणसं जमायची. एस्टीचे ड्रायव्हर असलेले अण्णा मात्र घाटातली पाटी तिला ऐकवायचे, "अति घाई, संकटात नेई."

तिने जाड कुंचल्याने काळी आकृती उठवली. रुंद खांदे, किंचित कललेली मान. आईसमोरच्या पडद्यावर ती उमटली आणि डॉक्टरांच्या यंत्रावरची रेघ हलली. त्यावर सपाट खाकी, मग सावल्या, मग अण्णांचा उजवा गाल. जन्मभर ड्रायव्हरच्या खिडकीतलं ऊन खाऊन तो चांगलाच रापला होता. "उजवा गाल सरकारचा, डावा माझा," असं म्हणत, अण्णा रोज ड्यूटीवर निघताना आई त्यांच्या डाव्या गालाला हळूच हात लावायची.

रंग झाल्यावर शर्वरीने सवयीने चित्र आरशातल्यासारखं उलटवलं. नजर ताजी होते आणि चुका दिसतात, म्हणून सगळेच चित्रकार असं करतात. जबडा वाकडा झाला होता, तो तिने सारखा केला. आता चित्र सुलटं करायचं. पण हात लागलाच आहे तर डोळे काढून घेऊ, असं तिला वाटलं. तिने बुबुळांत उजेडाचा ठिपका दिला, आणि आई बोलली.

"अहो, आलात? जेवायची थांबलेय मी."

शर्वरीला रडू आवरेना. चित्र सुलटं करायचं राहिलं ते राहिलंच. मायलेकी डॉक्टरांची रेघ शांत होईपर्यंत अण्णांकडे बघत बसल्या.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी आईला अण्णांचा फोटो दाखवला. तिने पदर सावरला. "पाहुणे कुठले म्हणायचे?"

मग त्यांनी पडद्यावर चित्र लावलं. आईचा चेहरा फुलला. ती उठली आणि पडद्यावरच्या उजळ गालाला तिने हात लावला. डॉक्टरांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा चित्राकडे.

"शर्वरी, तो गाल उजवा आहे. चित्र उलटंच राहिलंय."

आईपाशी अण्णा राहिले होते, पण असे अण्णा कधी जन्मालाच आले नव्हते. खरे होते ते शर्वरीने स्वतःच्या हाताने पुसले होते, तेही सफाईने. एवढ्या वर्षांत अण्णांची एक गोष्ट ऐकली असती तर!

"फोटो द्या," ती कशीबशी म्हणाली. निदान आपल्यापुरते तरी खरे अण्णा डोळे भरून बघावेत.

ती बघत राहिली. ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे, म्हणजे रापलेला गाल उजवाच, हे तिला पक्कं कळत होतं. तरी हा माणूस अण्णांसारखा दिसणारा कुणी परकाच वाटत होता. त्या दिवशी आईच्या शेजारी बसून तीही त्याच चित्राकडे बघत होती.

"डॉक्टर," तिने घाबरून विचारलं, "हा फोटो उलटा तर छापला नाही ना?"