सान्निध्य-मर्यादा

प्रयोगशाळेच्या टेबलावर काचतंतूचं एक पोकळ डोकं होतं. त्यात मीठ-साखरेचा दाट द्रव भरला, की ते रेडिओलहरी माणसाच्या डोक्याइतक्याच शोषून घेई. साचा करताना ऋजुता कर्णिकने नवऱ्याच्या, निनादच्या डोक्याची मापं घेतली होती. तो बेपत्ता झाल्यापासून ती त्या टेबलाकडे पाठ करूनच बसत असे.

निनाद हिमनद्यांचा अभ्यासक. लडाखमध्ये बर्फाचा कडा कोसळला, सोबतचे परत आले, आणि तो एका भेगेत गडप झाला. त्याच्याजवळ नभफोन होता. टॉवरशिवाय थेट उपग्रहाशी बोलणारा.

त्या दुपारी आवारातल्याच शोधकक्षातून मुजावरांनी तिला बोलावून घेतलं. तिथलं रेडिओचं काम तेच पाहत.

"मॅडम, सरांच्या फोनची हाक लागलीय. पण इतकी क्षीण, की जागा ठरत नाही. बॅटरी उतरली असेल का?"

ऋजुताने पडद्यावरची रेषा पाहिली. "बॅटरी उतरली तर रेषा हळूहळू खाली येते. ही बरोबर पाव ताकदीवर थांबलीय. फोन अंगाला लागून आहे."

"त्याने काय होतं?"

"उपग्रह फार लांब, म्हणून नभफोनला जोरात हाक मारावी लागते. तेवढ्या जोराने कानाशी धरला तर आतल्या पेशी तापतील. म्हणून त्यात सान्निध्य-संवेदक आहे. शरीर जवळ आलं, की ताकद पाव होते."

"ती मर्यादा इथून काढता येईल?"

"नाही. ती कोणालाही काढता येऊ नये, हा आग्रह माझाच होता."

यावरून निनाद तिच्याशी भांडला होता. डोंगरात हरवलेला माणूस डोकं तापून मरत नाही गं, असं त्याचं म्हणणं. शाळकरी पोरंही हाच फोन तासन्‌तास कानाला लावतील, हे तिचं. दोघांचंही खरं होतं.

"पण मग सर जिवंत आहेत," मुजावर म्हणाले.

"संवेदकाला शरीर कळतं. त्यात जीव आहे की नाही, ते कळत नाही."

मुजावरांनी माइक चालू केला. "आपलं बोलणं त्यांना ऐकू जाईल?"

"जाईल. मर्यादा पाठवण्यावर आहे, ऐकण्यावर नाही. पण भेगेतल्या वाऱ्यात फोन कानाशी धरला तरच."

पुढचं दोघांनाही उमगलं. त्याला ऐकू यायचं तर फोन जवळ हवा, आणि तो सापडायचा तर फोन लांब हवा. मुजावरांनी माइक तिच्याकडे सरकवला.

"निनाद, मी बोलतेय," ती म्हणाली. मग तिला बरंच काही सांगावंसं वाटलं. तिने ते गिळलं. "तुला शोधतायत. फोन हात पोचेल तेवढा लांब ठेव, उघड्या बर्फावर. मग तुला माझा आवाज यायचा नाही. तरी ठेव."

रेषा हलली नाही. तिने पुन्हा तेच सांगितलं. मग आणखी एकदा.

एकदम रेषा वर चढली आणि पूर्ण ताकदीवर जाऊन स्थिरावली.

"ऐकलं त्यांनी," मुजावर खुर्चीतून उठलेच. मग भानावर येऊन त्यांनी मिळालेली जागा बचावपथकाला कळवली. हेलिकॉप्टर निघालं.

ऋजुता माइकपाशीच बसून राहिली.

"बोला ना मॅडम."

"कोणाशी? फोनजवळ कोणी नाही, हेच तर ती रेषा सांगतेय."

प्रयोगशाळेत अशी उंच रेषा तिने हजारदा पाहिली होती. ती इतकी रिकामी असते, हे तिला ठाऊक नव्हतं. तो जिवंत होता, आणि मघापेक्षा लांब गेला होता. तिनेच पाठवलं होतं त्याला.

हेलिकॉप्टर भेगेवर पोचल्याचं पथकाने कळवलं. थोड्याच वेळात रेषा धाडकन पावावर आली.

"जवानांनी फोन उचलला वाटतं," मुजावर म्हणाले आणि त्यांनी तसं विचारलं.

वैमानिकाचा आवाज खरखरत आला. "दोर आत्ता सोडतोय. खाली अजून कोणी उतरलेलं नाही."

मुजावरांनी ऋजुताकडे पाहिलं. तिने माइक आधीच पुढे ओढला होता. दोर खाली पोचेपर्यंतचा वेळ तिचा होता, आणि मघाशी गिळलेलं सगळं ती आता सांगू लागली.