कशाच्या दुप्पट?

बातमी दहा शब्दांची होती आणि त्यांतला एकही शब्द खोटा नव्हता. मग तिने एवढा अनर्थ कसा केला?

‘संक्षेप’ या घरकामाच्या यंत्रमानवाला प्रत्येक बातमी दहा शब्दांत सांगण्याची शिस्त होती. गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालता घालता त्याने ऐकवले, “स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांना दुसऱ्या स्तनातही कर्करोगाचा धोका दुप्पट, सावधान!”

चित्रलेखाने हातातला डाव पातेल्यात टाकला. तिची शस्त्रक्रिया झाली होती. किरणोपचाराच्या (शक्तिशाली किरणांनी कर्करोगाच्या उरलेल्या पेशी मारण्याच्या उपचाराच्या) पंधरापैकी दहा फेऱ्या संपल्या होत्या. अकरावी आज साडेदहाला होती.

“मी जाणार नाही,” ती म्हणाली. “दुसऱ्या बाजूला होतो तो या किरणांनीच होत असणार. मग आणखी भाजून कशाला घेऊ?”

तिची अकरा वर्षांची मुलगी निर्झरा घाबरून आजोबांकडे पाहू लागली. चित्रलेखाच्या वडिलांनी, अप्पांनी, चाळीस वर्षे रोगांच्या आकडेवारीचा अभ्यास केला होता. त्यांतली निम्मी, त्यांच्या मते, मथळे लिहिणाऱ्यांच्या चुका निस्तरण्यात गेली.

“कशाच्या दुप्पट?” त्यांनी थंडपणे विचारले.

“दहा शब्द संपले,” संक्षेप म्हणाला.

“वा! ‘सावधान’ला जागा मिळाली, ज्या आकड्याची दुप्पट, त्याला नाही!”

“अप्पा, त्याच्यावर चिडून काय होणार?” निर्झरा म्हणाली. “मला सांगा ना.”

पापड्या दहा ओळींत दहा-दहा होत्या. “या शंभर बायका,” अप्पा म्हणाले. “हा कर्करोग कधीच न झालेल्या. वीस वर्षांत यांतल्या साधारण अडीच जणींना तो होतो.”

“अडीच? अर्धी बाई कशी असेल?”

“तीन धरा, पंडिताबाई! तिघींवर जिरे ठेव. आता आईसारख्या, वेळेत उपचार झालेल्या शंभर घे. त्यांच्यापैकी तेवढ्याच वर्षांत सुमारे सहा जणींना दुसऱ्या स्तनातही होतो.”

निर्झराने आणखी तिघींवर जिरे ठेवले. “म्हणजे दुप्पट खरंच आहे!”

“खरं आहे, म्हणूनच संताप येतो. ‘दुप्पट’ हा सापेक्ष धोका (एका गटाचा धोका दुसऱ्याच्या किती पट). ‘शंभरांत सहा’ हा निरपेक्ष धोका (प्रत्यक्षात किती जणींना). पहिला छापतात, दुसरा गिळतात.”

निर्झरा मोजत होती. “आई, चौऱ्याण्णव कोऱ्या आहेत.”

चित्रलेखा जवळ आली. “पण त्या जादा तिघींना किरणांमुळेच ना?”

“बहुतेकींना नाही. आनुवंशिकता, संप्रेरके (पेशींना वाढीचे निरोप देणारी शरीरातली द्रव्ये) ही पहिल्या गाठीमागची कारणं दुसऱ्या बाजूलाही असतात. किरणांचा वाटा आहे, पण लहान. म्हणून दरवर्षी तपासणी करायची. उपचार अर्धवट सोडलास, तर पहिलाच परत येण्याचा धोका वाढतो.”

“तो किती वाढतो? शंभरांत किती?”

अप्पांनी मान हलवली. “ते तुझ्या गाठीवर अवलंबून आहे. मी आकडा ठोकून देणार नाही. डॉक्टरांना विचार.”

“विचारतेच. निर्झरा, चप्पल घाल.”

रुग्णालयात तिने तोच प्रश्न विचारला. तरुण डॉक्टरांनी हातातली फाईल मिटली. “सकाळपासून नऊजणींनी ‘दुप्पट का?’ म्हणून मला धारेवर धरलंय. ‘शंभरांत किती?’ हे तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत. बसा, तुमचाच अहवाल उघडतो.”

चित्रलेखाने आकडा ऐकला, पुन्हा एकदा विचारून घेतला. मग गळ्यातली साखळी काढून निर्झराच्या मुठीत ठेवली.

“जपून धर. ही फेरी झाली की चारच राहतात,” असे म्हणून ती यंत्राच्या खोलीत गेली.