खड्ड्याला पाणी

आमचं घर रत्नागिरीबाहेर, कातळावर. हे बोटीवर, घरी मी आणि आठ महिन्यांची राही. त्र्याऐंशीच्या मार्चात घरात वीज आली, तेव्हा सदू वायरमनने अर्थिंगसाठी पडवीशेजारी खड्डा खणून मेन स्विचला जोडलेली तांब्याची पट्टी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं.

"उन्हाळाभर रोज बादलीभर पानी घाला, वयनी. खालती ओल असली तर आभाळातली वीज गपचूप जमिनीत जाते. सुकली तर मानसातनं वाट काढते."

मी बी.एस्सी. झालेली. मला ते पटलंही होतं.

पण मे महिन्यात विहीर तळाला गेली आणि खड्ड्याची बादली मी राहीच्या लंगोटांना वापरू लागले. सदू सायकलवरून जाता-जाता ओरडायचा, "पानी?" मी दोरीवर लंगोट टाकत म्हणायची, "घातलं!"

एका दुपारी आभाळ काळं झालं, गडगडू लागलं. रस्त्याने चाललेल्या सदूला मीच हाक मारली. "मेन स्विच बंद कर रे, मला भीती वाटते."

"कॉलेजात भ्यायलाच शिकवलानी काय?" तो हसला. "खड्ड्यात पानी हाय ना?"

"आहे की."

त्याने मेन स्विचच्या लोखंडी पेटीला हात लावला. मग सगळं पांढरं झालं.

बाराव्याला त्याची बायको चिमा म्हणाली, "तुमच्यावर भरवसा होता त्यांचा. म्हनायचे, ती वयनी एक दिवस चुकत नाय."

मी राहीचं टोपरं नीट करत राहिले.

दुसऱ्या दिवशी खड्डा ओला दिसला. पाऊस नव्हता, मी पाणी घातलं नव्हतं. मला तिकडे बघवतही नव्हतं. शेजारच्या सगुणाकाकूंना विचारलं.

"मी? अगो बाय, मला आंघोळीला नाय पानी!"

पुढच्या दिवशी ओल पायरीपर्यंत आली. त्या दिवशी दोरीवर दोनच लंगोट होते; राहीने तेवढेच ओले केले होते. मग एक. मग एकही नाही. राही दूध नेहमीसारखंच पीत होती.

"बरंच की, धुणं वाचलं," काकू म्हणाल्या.

शेवटी एका दुपारी राहीला कडेवर घेतलं आणि भरलेली बादली खड्ड्याशी नेली.

"सदू, मी खोटं बोलले."

बादली ओतली. पाणी आत जाईना. तसंच माझ्या पावलांवर परत आलं. खाली जागाच नव्हती.

राही रडायला लागली. मी पदराने तिचे गाल पुसले.

पदर कोरडाच राहिला. त्यावर मिठाची बारीक पूड होती, आणि कोळशाचा एक कण.